नको असेल तर टिचकी

…नाही रे, मी कुठे म्हणतोय तुला कळत नाही? कळतं. सगळं कळतं. आत्ताच बाहेर त्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या — ऐकू येतं, समजतं, माणसं ओळखतात, फक्त वाचा गेलीय. मी म्हटलं, बाई, अर्धं आयुष्य या माणसाबरोबर एका खोलीत बसून गाणी केली, शब्द माझे आणि चाली त्याच्या, तेव्हा तरी तो कुठे बोलायचा? नुसता हं हं हं. गुणगुण्याच म्हणायचो मी त्याला. तुम्हाला तो आजारी वाटतो, मला नेहमीसारखाच वाटतो. — हसल्या बिचाऱ्या. आणि मी? मीही नेहमीसारखाच दिसत असेन तुला. तीच पिशवी, तीच छत्री, तेच टक्कल. खुर्ची जरा पुढे घेतो हं. दवाखान्यातल्या या खुर्च्या अशा का करतात कोण जाणे — भेटायला आलेल्याने लवकर उठावं म्हणून असेल. मी काही लवकर उठणार नाही. सिस्टरांना सांगून टाकलं, तुम्ही निवांत चहा घेऊन या, मी आहे ना. तुझ्या लेकीलाही सांगितलंय, दुपारचा मी बसत जाईन, तू ऑफिस बुडवू नकोस. 'काका, तुम्ही आहात म्हणून' — एवढंच म्हणाली आणि डोळ्याला रुमाल लावला. गुणाची पोर. फक्त हट्टी. हट्ट कोणावरून आलाय ते मी सांगायला नको.

पिशवीकडे काय बघतोस? केळी नाहीत त्यात. तुला गिळता कुठे येतंय अजून. — हो, तेच कागद. गादीवाल्यांचे, जाहिरातीचे. त्या दिवशीचेच, मधल्या पानावर तुझ्या कपाचा डागसुद्धा आहे. डोळे एवढे मोठे करू नकोस, यंत्रावरचे आकडे वाढतात आणि बाहेर कुठेतरी घंटा वाजते, मग ती ड्युटीवरची नर्स धावत येते आणि मला उठवते. शांत राहा. काय झालं सांगतो. गादीवाल्यांचा माणूस परत आला होता. टाय लावून, घामाघूम. म्हणतो, सर, तुमच्या एकट्याच्या सहीवर आम्हाला गाण्याची एक ओळसुद्धा वाजवता येणार नाही. गाणं दोघांचं, तर परवानगीही दोघांची. — मला सांगतो! जन्मभर नोंदणी कचेरीत खुर्ची झिजवली मी. त्याला म्हटलं, बाळा, सामायिक भिंत बघितलीयस का? दोन घरांच्या मधली? दोन्ही मालकांनी मान हलवल्याशिवाय एकाला खिळा ठोकता येत नाही. सख्खे भाऊ यायचे माझ्या खिडकीशी, एकाला खिडकी पाडायची असायची आणि दुसऱ्याला नुसतं नाही म्हणायचं असायचं. का नाही? तर नाही. दुसऱ्याचं नाही म्हणजे दगड. त्याला कारण लागत नाही. भिंत पडायला आली तरी चालेल, पण —

हे काय? काय वाजलं?

अंगठी होय. पलंगाच्या दांड्यावर अंगठी वाजली तुझी. मी दचकलोच की. हे बोट हलतं म्हणजे, डाव्या हाताचं? छान, छान. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, डावी बाजू येईल थोडी थोडी, आपोआप झटके येतात, त्याला फार अर्थ लावू नका. मी नाही लावत. पण अंगठी किती सैल झालीय रे. बोटाची काडी झालीय नुसती. गादीत पडली, चादरीबरोबर धुवायला गेली, तर तुझी लेक मलाच विचारणार — वहिनींची आठवण ती एवढीच. थांब, काढून ठेवतो. असं… बघ, ओढावीसुद्धा लागली नाही. ही इथे औषधांच्या वाटीत ठेवली, दिसतेय ना तुला? कुठे जात नाही.

तर काय म्हणत होतो — नाही. तुझं नाही. तुझ्या 'नाही'ला तर आवाज होता, म्हणजे शब्द नव्हता पण आवाज होता. आठवतो ना नियम? तुझाच नियम, माझा नव्हे, हे लक्षात ठेव. सुरुवातीला किती भांडायचो आपण! मी ओळ वाचून दाखवायचो, तू 'छान' म्हणायचास आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. आवडली? हो. खरंच? हो रे बाबा. मग पंधरा दिवस चाल सुचायची नाही. शेवटी तूच वैतागून म्हणालास, कारकून, तोंडाने विचारायचं नाही आणि तोंडाने सांगायचं नाही. नको असेल तर टेबलावर टिचकी. गप्प राहिलं म्हणजे पसंत. मी म्हटलं, आमच्या कचेरीत यालाच मुदतीत हरकत आली नाही म्हणतात. हसलास. आणि तो नियम चालला की! काय चालला! जगात नवरा-बायकोत नसेल इतकी शांतता होती आपल्या त्या खोलीत. तू पियानोवर, त्याच्या निम्म्या पट्ट्या मुक्या, मी टेबलाच्या या कडेला. मी ओळ वाचायची. शांतता. पुढची ओळ. शांतता. पुढची — टक्. मेली. ती ओळ मेली, तिचं दहन नाही की तेरावं नाही. का मारलीस हे विचारायचं नाही. अरे, काही काही ओळी अशा होत्या माझ्या, आजही अंघोळ करताना आठवतात, आणि पाणी गार लागतं. एकदाही विचारलं नाही मी. तुझ्या चालींवर मी किती टिचक्या मारल्या सांग? सांग ना — बरं, नको सांगूस. मारल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. मला चालीतलं काय कळतं, असं मला वाटायचं. आणि तुला शब्दांतलं सगळं कळतं, असं तुला वाटायचं. याला लोक जोडी म्हणायचे.

लोकांचं सोड. लोक ही एक मजाच आहे. परवा घरी नळाचं काम करायला माणूस आला होता, तो आपलंच गाणं गुणगुणत होता. मी कान टवकारले. पहिली ओळ बरोबर, दुसरी अर्धी, आणि मग — ला ला ला. माझ्या शब्दांच्या जागी लोक ला ला ला म्हणतात. तुझ्या चालीच्या जागी काही म्हणून बघ म्हणावं! सभागृहात सत्कार झाला तुझा, फुलं तुला, खुर्ची मधली तुला, आणि सूत्रसंचालन करणारी बाई म्हणाली, 'यांच्या गाण्यांना शब्दांची साथ लाभली ती…' आणि कागदावर माझं नाव शोधायला लागली. साथ! मी साथीला होतो. मी टाळ्या वाजवल्या तेव्हा. तू बघितलंस माझ्याकडे. काहीतरी बोलशील असं वाटलं मला. पण नियम नियम आहे, गप्प राहिलं म्हणजे पसंत.

त्या सत्कारालाच तर सगळं झालं. तुझी लेक उठली आणि म्हणाली, बाबांनी माझ्यासाठी केलेलं एक गाणं म्हणते, हे कोणी ऐकलेलं नाही. आणि झोपेचं गाणं म्हणाली. साथीला काही नाही, नुसती उभी राहून. सभागृहात खोकलासुद्धा नाही. कोणीतरी फोनवर ते टिपलं, आणि मग काय — घरोघरी पोरं झोपवायला लागले त्याच्यावर. मलाच कोणीतरी पाठवलं, खाली लिहिलं होतं, ऐका, डोळे भरून येतील. माझे आले नाहीत. मी शब्द ऐकत होतो.

तुझं म्हणणं, म्हणजे तेव्हाचं, बोलत होतास तेव्हाचं, की ते गाणं जोडीचं नाही. तुझं आहे, तुझ्या लेकीचं आहे, ते विकायचं नाही, वाजवायला द्यायचं नाही, कोणालाच नाही. बरं. आता शांतपणे ऐक, आता तुला घाई नाही. वहिनी नुकत्याच गेलेल्या. पोर लहान, अंधाराला भ्यायची, दाराकडे डोळे लावून बसायची. तू चाल केलीस, शब्दही तूच जुळवलेस. मान्य. पण केलंस कुठे? आपल्या खोलीत. मी समोर बसलेलो. आणि त्या खोलीचा दुसरा नियम काय होता? इथे जे होईल ते दोघांचं. कोणाचं किती, हे मोजायचं नाही. हाही तुझाच. मी तर मोजायलाच बसलेला माणूस होतो, मोजण्याचाच पगार घेत होतो. आणि तसंही मी त्या गाण्यात नाही असं नाही. तू गुणगुणत होतास — 'नीज गं बाळे, अंधार दाराशी उभा…' — आणि मी म्हटलं, उभा नको रे. उभा राहिलेला कधी आत शिरेल सांगता येत नाही, पोर आणखी भिईल. बसव त्याला. 'अंधार दाराशी बसला गं.' बसलेला म्हणजे पाहुणा. पाय दुखले म्हणून टेकलाय, घटकाभराने जाईल. तू थांबलास. माझ्याकडे बघितलंस. टिचकी नाही मारलीस. दुसऱ्या दिवशी तूच सांगत आलास, कारकून, झोपली रे ती. एक शब्द! पण काढून बघ तो. सबंध गाणं त्या एका शब्दावर बसलंय. वकिलाला विचारलं मी, एका शब्दाने माणूस भागीदार होतो का? तो म्हणाला, काका, किती लिहिलं यापेक्षा तुमचं आपसात काय ठरलं होतं ते बघतात. मी म्हटलं, ठरलं होतं. सगळ्या जगाला माहीत आहे ठरलं होतं ते. प्रत्येक गाण्यावर दोघांची नावं आहेत.

आता नखानेसुद्धा वाजतो होय हा दांडा? टक् टक्. भारीच पातळ पत्रा. खरं तर हात असा वर टांगलेला ठेवू नये, मुंग्या येतात बोटांना, सिस्टरच सांगत होत्या. खाली घेऊ या. हा असा, गादीवर. आणि खाली हा टॉवेल घडी करून. मऊ आहे ना? गादी मात्र बेकार रे या दवाखान्याची. आपल्या गादीवाल्यांना सांगायला हवं, एक पाठवून द्या म्हणावं, ज्याच्या गाण्यावर विकताय त्याची पाठ सोलून निघतेय.

नाही, हसण्यासारखं आहे ते. तू नाही हसलास तरी आहे. गादीची जाहिरात! एक बाई पोराला गादीवर ठेवते, पोर झोपतं, मग बाईही झोपते, मग नवराही झोपतो, गाणं चालू. मला दाखवलं त्यांनी चित्र काढून. फक्त त्यांना अंधार नको. 'सर, अंधार जरा वाईट वाटतो, लोक गादी घेताना चांगलं काहीतरी मनात आणतात.' त्या जागी आराम घालायचाय त्यांना. 'आराम दाराशी बसला गं.' मी म्हटलं, घाला. — असं बघू नकोस माझ्याकडे. त्या दिवशीही असंच बघितलंस. कारकुनाला लाज नाही, असं. अरे, माझा शब्द 'बसला' हा आहे, तो राहतोय. अंधार तुझा होता. आणि खाली नाव येणार. शब्द, दोन टिंबं, आणि माझं नाव. आधी माझं, मग तुझं. अक्षरं बारीक आहेत, मी विचारलं होतं मोठी होतील का. नाही म्हणाले. असू दे. माझ्या नातवाचे डोळे चांगले आहेत.

पैशाचं मी बोलतसुद्धा नाही. पैसा तुझ्या वाट्याचा तुझ्या लेकीला, या खोलीचं भाडंच भागेल त्यातून. पण ती ऐकेल तर ना! 'काका, बाबांनी आयुष्यभर त्या गाण्याला नाही म्हटलंय, मी कोण हो म्हणणारी? बाबांचं बाबाच सांगतील.' मी म्हटलं, बाळ, कसे सांगतील? म्हणाली, बोलायला शिकवणाऱ्या ताई येणारेत. उद्यापासून. अक्षरांचा तक्ता घेऊन. तक्ता समोर धरायचा, एकेका अक्षरावर बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की माणूस डोळा मिटतो, बोट हलवतो, काय जमेल ते. एकेक अक्षर करत शब्द होतो. शब्द करत करत वाक्य. — जन्मभर शब्द माझ्याकडे टाकून मोकळा होतास, आणि आता म्हातारपणी स्वतः लिहायला बसणार! पहिलं काय लिहिशील रे? मला उत्सुकता आहे. खरंच आहे. लेकीचं नाव? पाणी? का… का त्या दुपारचं काही?

त्या दुपारचं काय आहे सांगण्यासारखं. मी कागद घेऊन आलो. आलो तर तू असा — खुर्चीत एका बाजूला कललेला. मी लगेच फोन केला. असंच सांगितलंय मी लेकीला, आणि डॉक्टरीणबाईंना, आणि अँब्युलन्सवाल्यालाही, आणि तेच खरं आहे, म्हणजे, थोडक्यात तेच. कोणाला सगळं पुराण कशाला ऐकवायचं? मी वाचत होतो, हे सांगून काय उपयोग? वाचायलाच तर आलो होतो. पहिलं कलम वाचलं, तू टिचकी मारलीस. मी म्हटलं, ऐकून तर घे. दुसरं वाचलं, टिचकी. ती जरा कमी वाजली. तिसऱ्याला नाहीच. मी वर बघितलं नाही रे. मुद्दाम बघितलं नाही, मला वाटलं बघितलं की मारशील. मांजराकडे बघितलं की ते उठून जातं, तसं. चौथं वाचलं. शांतता. पाचवं. शांतता! आयुष्यात पहिल्यांदा तू मला सलग वाचू देत होतास. मला काय झालं म्हणून सांगू — आवाज भरून आला माझा, त्या भिकार कलमांवर! 'सदर रचनेत आवश्यक ते फेरफार करण्याचा हक्क' हे मी असं वाचलं, जसं माझं चांगलंच कडवं आहे. कप कलंडला तेव्हा एकदा वाटलं मान वर करावी. पण शेवटचं पान राहिलं होतं. चहा पानावर पसरला, तो मी बाहीने टिपला आणि वाचत राहिलो. आणि मग सगळं वाचून झाल्यावर म्हटलं, चला, ठरलं तर मग! आणि हात पुढे केला.

तेव्हा बघितलं.

लगेच फोन केला. बघितल्यावर लगेच. डॉक्टरीणबाई म्हणतात, आधी आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं कदाचित. डॉक्टरांना 'आधी' हा शब्द फार आवडतो. आमच्या कचेरीतही आवडायचा, आधी आला असतात तर झालं असतं. लोक काय करणार? लोक येतात तेव्हाच येतात. तू मला बघत होतास का रे, वाचताना? डोळे उघडे होते तुझे. मला वाटतं, बघत होतास.

आणि तसं कायद्याने, म्हणजे नियमाने बघितलं तर, तू हो म्हणालास त्या दिवशी. तिसऱ्या कलमापासून पुढे तुझी हरकत नाही. हसू नकोस. — नाही हसत तू. मी हसतोय होय? सवय रे. माणूस एकटाच बोलत राहिला की हसायचंही त्यालाच करावं लागतं. अजून एक गंमत सांगतो, वकिलाने सांगितली. दोघांचं गाणं असलं ना, की हक्काची मुदत कोणापासून मोजतात माहीत आहे? जो मागे राहील त्याच्या मरणापासून. आधी जाणाऱ्याचा हिशोबच नाही! म्हणजे उद्या तू गेलास, अभद्र बोलतोय पण गेलास, तरी झोपेचं गाणं माझ्या आयुष्यावर चालणार. तुझ्या लेकीने तुझ्यापेक्षा माझ्याच तब्येतीची काळजी करायला हवी. मी करतो काळजी. साखर सोडलीय. सकाळी फिरायला जातो. तुझं नंतर, माझं त्याहून नंतर, असं मी मनाशी ठरवलंय. पण तू गेल्यावर तुझ्या वाट्याची मालकीण ती होणार, आणि ती सही करणार नाही. जन्मात नाही. उद्या तक्ता आला की तूही करणार नाहीस. म्हणून आज. बाकी मला कसली घाई आहे?

टॉवेलवर आपटतोयस तू. दिसतंय मला. ऐकू येत नाही, पण दिसतंय. झटका नव्हे हा, हं? टक्, टक्, मग थांबून टक्. नाही, हा तर… हा तर ताल आहे. नीज-गं-बाळे. त्याचाच. वा रे गुणगुण्या! सगळं गेलं आणि हे राहिलं. तुझी लेक संध्याकाळी येऊन म्हणते ना ते तुझ्यापाशी? सिस्टर सांगत होत्या, त्यांनाही पाठ झालंय. त्यांना विचारलं मी, कुठली ओळ आवडते? म्हणाल्या, ती दाराशी बसल्याची. बघ. सिस्टर बाई, ना गाण्यातल्या ना लिहिण्यातल्या, पण बरोबर तिथेच बोट ठेवलं. मी त्यांना सांगितलं नाही तो शब्द कोणाचा ते. सांगेन. जाहिरात आली की कळेलच.

सरळ बाई आहे. म्हणाल्या, काका, साक्षीदार म्हणून सही करायला माझी ना नाही, पण माझ्यादेखत विचारा त्यांना. आणि नको असेल तर कळेल ना आपल्याला? मी म्हटलं, कळेल की. नको असेल तर त्याची एक खूण आहे, बोटाने आवाज करतो. इतक्या वर्षांची सवय, आजारपणात जाईल होय? खोटं काही सांगितलं नाही मी. त्यांना नियम नीट समजावून सांगितला. त्यांना आवडलासुद्धा. किती छान, म्हणाल्या, आमच्या घरी असता तर.

पावलं वाजतात बघ. रबरी चप्पल, त्याच असणार. इकडे आण तो हात. टॉवेल नको, टॉवेलने कोणाला शंका यायची, हा इथे कशाला म्हणून. माझ्या हातात दे. हा असा. दोन्ही हातांत. गार आहे रे हात तुझा. आता मार. मार किती मारायच्यात. लागतायत मला, तळहातावर लागतायत, बारीक, चिमणीने चोच मारावी तशा. मला कळतात सगळ्या. पहिल्यापासून मलाच कळायच्या, बाहेर कोणाला कधी ऐकू आल्या? लोकांना गाणं ऐकू यायचं. — एवढा जोर कुठून आणतोयस? डोळ्यांतून पाणी काढू नकोस, त्या आत्ता पुसतील आणि विचारतील. बरं, असू दे. पाण्याचं मी सांगतो काय सांगायचं ते.

या, या सिस्टर. झाला चहा? तुमचीच वाट बघत होतो आम्ही. हो ना, डोळे वाहतायत त्याचे. जुन्या गोष्टी काढल्या ना मी, वहिनींच्या, लेकीच्या लहानपणाच्या. मीही वाहवलोच जरा. हात? हात धरून बसलोय, सोडवत नाही. आधी कधी असा धरला नव्हता, बघा. गडीमाणसं आम्ही. — अंगठी? मीच काढून ठेवली, त्या वाटीत आहे, सैल झालीय, लेकीला द्या तेवढी आठवणीने. हो, सगळं वाचून दाखवलंय. दोनदा झालं आता वाचून. विचारतो ना, तुमच्यादेखतच विचारतो. जवळ या, इथे, चेहरा दिसेल असं. ऐक हं मित्रा, सिस्टर आल्यात. झोपेचं गाणं गादीवाल्यांना द्यायचं आहे. तुझी हरकत असेल, नको असेल, तर आपली नेहमीची खूण कर. सावकाश. आम्ही थांबतो.

…

ऐकलंत? काही नाही. थांबू या का अजून? थांबू. घाई नको.

…

बघा. मी म्हटलं नव्हतं? आता तेवढं शाईचं पॅड द्या हो त्या पिशवीतलं. माझे दोन्ही हात अडकलेत.